गावानं नेमलेला विरोधी पक्ष

मिर्चा साहेब मीटिंगमधून उठून बाहेर निघून गेले, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये टाळ्या अजून चालूच होत्या.

टाळ्या गावाच्या होत्या. सरपंच अप्पांनी नुकतंच जाहीर केलं होतं, "घरबांधणीची कमिटी गावानं बिनविरोध निवडली हाय. मी अध्यक्ष. बाकीचे मेंबर माझ्या ओळीत बसलेत." मी त्याचं इंग्रजी केलं. साहेबांनी विचारलं, "विरोधात किती होते?" मी अप्पांना न विचारताच सांगितलं, "एकही नाही. शंभर टक्के." साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. त्यांनी टोपी उचलली आणि बाहेर जाऊन लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले.

"काय झालं हो सर?" अप्पा मला म्हणाले. "पोट बिघडलं का त्यांचं? काल भज्याला नको नको म्हनत व्हते."

मी त्या प्रोजेक्टवर दुभाष्या होतो. भूकंपानंतर एका परदेशी संस्थेनं औसा तालुक्यातलं हे गाव दत्तक घेतलं होतं. नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून मला चहाला बोलावतात. जुनं गाव ढिगाऱ्यात गेलं होतं. लोक पत्र्याच्या शेडात राहत होते आणि नवं गाव थोडं लांब उभं राहायचं होतं. संस्थेनं इंजिनिअर पाठवला तो रुमानियाचा. त्यांच्याकडेही भूकंप होतात, त्यामुळे जमीन हलली तरी भिंत कशी उभी ठेवायची हे त्यांना पक्कं माहीत होतं. मिर्चा हे तिकडचं साधं नाव आहे. मी धर्माबादचा, मिरचीच्या बाजारात वाढलेला, मला त्याचं काही वाटलं नाही. गावाला मात्र पहिले आठ दिवस हसू आवरत नव्हतं.

मी तिथे कसा पोचलो तेही सांगतो. नांदेडला कॉलेजात असताना मी अभ्यास कमी आणि पत्रकं जास्त लिहिली. सायक्लोस्टाइल नावाचा प्रकार असायचा. मेणकागदावर टोकदार लेखणीनं कोरायचं, वरून शाईचा रूळ फिरवायचा, आणि सकाळी गेटवर उभं राहून 'विद्यार्थी बंधू-भगिनींनो' करत वाटायचं. इंग्रजी शिकलो ते जाड पुठ्ठ्याच्या स्वस्त रशियन पुस्तकांवर. मग एक दिवस ती पुस्तकं छापणारा देशच बंद पडला. मी लातूरला येऊन एका क्लासमध्ये राज्यशास्त्र आणि इंग्रजी शिकवायला लागलो.

त्या काळात लातुरात दोनच गोष्टी जोरात उगवत होत्या, पत्र्याची शेडं आणि क्लासचे बोर्ड. मी फळ्यावर लिहायचो, 'साम्यवादी राजवटीनंतरच्या देशांतील लोकशाही : आव्हाने'. खालून हात वर यायचा, "सर, हे परीक्षेला येतं का?" नाही म्हणालो की सगळ्यांची पेनं एकदम बंद. संस्थेला दुभाष्या हवा होता, तेव्हा क्लासच्या मालकांनी मला आनंदानं सोडलं. त्यांची अट एकच, "गोऱ्या साहेबाबरोबर खांद्यावर हात टाकून एक फोटो आण. जाहिरातीत टाकू." शिक्षणाचा असा धंदा करणाऱ्यांवर मी पुढे एक पत्रक लिहिलं. फोटो त्याच्या आधीच छापून झाला होता.

पहिल्या दिवशी मी मूठ वर करून साहेबांना म्हणालो, "वेलकम, कॉम्रेड!" त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतोय म्हणून. मग अगदी शांतपणे म्हणाले, "हा शब्द मला पुन्हा म्हणायचा नाही. इथे साप निघाला तरी 'साप' म्हणून ओरडा, पण हा शब्द नको."

दुभाष्याचं काम ऐकायला सोपं आहे. समोरचा दोन वाक्यं बोलून थांबतो, आपण ती दुसऱ्या भाषेत सांगतो. वाढवायचं नाही, कापायचं नाही, आपलं मत घालायचं नाही. मला हे तिसरं जमत नव्हतं. एकदा खालच्या गल्लीतल्या गयाबाईला साहेबांनी विचारलं, नव्या गावात आखलेली जागा पसंत आहे का? ती म्हणाली, "नको." मी त्याचं इंग्रजी सुरू केलं ते जमीनदारी, निजामी आणि जातिव्यवस्था घेऊन पाच मिनिटांनी थांबलो. साहेब म्हणाले, "बाईचं तोंड एकदाच उघडलं. बाकीचं कोण बोललं?"

पण गयाबाईचं 'नको' खरंच तेवढं मोठं होतं. खालच्या गल्लीत बिनजमिनीची घरं होती, मातंगांची, कुंभारांची. जुन्या गावातही ती खाली होती आणि नव्या गावाच्या आखणीतही फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून त्यांना खालीच, ओढ्याच्या काठाला बसवलं होतं. सगळं गाव जमीनदोस्त झालं, सगळ्यांनी एकाच पत्र्याखाली रांगेत उभं राहून भात खाल्ला, आणि तरी नकाशा काढायची वेळ आली तेव्हा कोण वर आणि कोण खाली हे कुणाला विचारावं लागलं नाही! गयाबाईचा नवरा त्या पहाटे भिंतीखाली गेला होता. ती म्हणायची, "भूकंपानं त्याचा वाटा घेतला. आता उरलेलं वढ्याला देऊ का?" आणि अप्पांचं उत्तर ठरलेलं असायचं, "गावानं ठरवलंय, गये. बिनविरोध."

तर साहेब लिंबाखाली उभे होते. मी गेलो. ते म्हणाले, "माझ्या देशात मी बावीस वर्षं प्रत्येक मतदानात शंभर टक्के ऐकले. कधी अठ्ठ्याण्णव आले तर उरलेल्या दोन टक्क्यांची आम्हाला काळजी वाटायची, की ते आता कुठे असतील. टाळ्या वाजवायचो. आधी कोण थांबतो याच्याकडे लोक बघायचे, म्हणून कुणी थांबायचंच नाही."

"पण आता तर तुमच्याकडे लोकशाही आली," मी म्हणालो. फळ्यावरचंच वाक्य होतं.

"आली. हुकूमशहा गेला. पहिली निवडणूक झाली आणि त्याच्याच हाताखालचे लोक नवे शर्ट घालून निवडून आले. खोटी नव्हती, खरीच मतं पडली. लोकांना विरोध करायची सवयच नव्हती, ती एका दिवसात कुठून आणणार?" मग त्यांनी बोट वर केलं. "माझं सांग त्यांना. ज्या कमिटीत 'नाही' म्हणणारं कुणी नाही, तिच्या एकाही कागदावर मी सही करणार नाही. निवडणूक घ्या. गुप्त मतदान. दोन पॅनल. ज्याला जेवढी मतं तेवढ्या खुर्च्या. नाहीतर मी गाडी दुसऱ्या गावाला वळवतो. यादीत गावं पुष्कळ आहेत."

मी आत जाऊन सगळं सांगितलं.

"म्हंजे गावात भांडण नाही याची शिक्षा?" अप्पा म्हणाले. त्यांना खरंच लागलं होतं. आमच्याकडे पंचायत बिनविरोध निघाली की गाव मिरवतं, पेपरात बातमी येते. ज्या माणसानं आयुष्यभर घरोघर फिरून, कुणाला समजावून, कुणाला दम देऊन, कुणाच्या पोराचं लग्न जमवून गावात कधी मतपेटी येऊ दिली नाही, त्याला परका माणूस सांगत होता की तू हुकूमशहासारखा दिसतोस. मला वाटत होतं की साहेब अगदी बरोबर बोलले. पण घरं गेली तर गयाबाईचं ओढ्याकाठचंही जाणार होतं.

दुपारी अप्पांनी मला बोलावलं. सगळी कमिटी चटईवर बसली होती. चहा आला. अप्पांनी घसा साफ केला.

"सर, तुमी शिकलेले. साहेबाला विरोध किती लागतोय?"

"किती म्हणजे?"

"म्हंजे किती पुरंल? नव्वद-दहा केलं तर?"

"नव्वदला ते पुन्हा लिंबाखाली जातील," मी म्हणालो.

"मग ऐंशी-वीस."

एक मेंबर म्हणाले, "पन्नास-पन्नास नको बरं का. मग खरंच भांडनं लागतेत."

बरीच घासाघीस होऊन सत्तर-तीसवर सौदा झाला. मग प्रश्न आला, की हे तीस कोण? वरच्या गल्लीत कुणी तयार होईना. "आमी अप्पाच्या विरोधात? पावन्यात तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई." शेवटी अप्पाच म्हणाले, "खालची गल्ली विरोधात टाका. त्यांची एवीतेवी तकरार हायच. अन् पॅनलची पुढारी गया. आवाज मोठा हाय तिचा, साहेबाला लांबून बी ऐकू जाईल."

संतापानं माझी कानशिलं गरम झाली. लोकशाहीचा असा तमाशा! विरोधी पक्षसुद्धा सत्ताधाऱ्यांनी नेमायचा! मी उठणार, एवढ्यात अप्पा म्हणाले, "आनि सर, तुमाला पत्रकं लिवायला येतेत म्हने. विरोधी पॅनलचं एक पत्रक लिवून द्या. लई कडक नको. पन खरं वाटलं पायजे."

मी उठलो नाही. चार वर्षं मी फुकट पत्रकं लिहिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ज्याच्या विरोधात लिहायचं त्यानंच मला काम दिलं होतं.

गयाबाई शेडाच्या दारात ज्वारी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. सूप खाली ठेवलं.

"म्हंजे मी अप्पाच्या विरोधात उभी ऱ्हायची?"

"हो."

"आनि अप्पाच म्हनला?"

"हो."

"मग लोक मला काय म्हनायचे न्हाईत?"

"उलट उभी राहिली नाहीस तर म्हणतील."

"पत्रकात काय लिवायचं? खोटंनाटं का खरंखुरं?"

"तुझ्या मनात असेल ते."

"मग लिव," ती म्हणाली. "आमची घरं वढ्यात नकोत. बास."

मी त्याच्या आधी एक जळजळीत परिच्छेद घातला होता. तो तिनं माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाली, "हे कुनाला कळनार हाय रे लेकरा? काढ ते." पत्रक एका ओळीचं झालं. अप्पांनी ते पाहून मान डोलावली, "झकास. बिलकुल खरं वाटायलंय."

मतदानाच्या दिवशी लोखंडी ट्रंक पेटी म्हणून ठेवली. अप्पांच्या पॅनलची खूण घमेलं, गयाबाईच्या पॅनलची थापी. एक लुगडं आडवं बांधून त्याच्या मागे चिठ्ठीवर फुली मारायची. साहेब हात मागे बांधून उभे होते. सगळं सुरळीत चाललं होतं. मग लुगड्यामागून एका म्हाताऱ्याचा मोठ्यानं आवाज आला, "अप्पा, मी कुनीकडं हाय? सत्तरात का तिसात?"

"काय म्हणतायत ते?" साहेबांनी विचारलं.

दुभाष्यानं कापायचं नसतं. पण घरं महत्त्वाची होती. "मतदार विचार करतायत," मी म्हणालो.

"छान," साहेब म्हणाले. "विचार करू दे."

मोजणी झाली. ठरलं होतं तसंच, सत्तर-तीसच्या आसपास. गावाची शिस्तच तशी होती. कमिटीत अप्पांचे पाच आणि खालच्या गल्लीचे दोन, गयाबाई आणि तिच्या शेजारचा एक कुंभार. साहेबांनी दोन्ही पॅनलशी हात मिळवला. गावात पेढे वाटले गेले. सगळ्यांच्या मते प्रकरण तिथे संपलं.

ते गयाबाईच्या मते संपलं नव्हतं.

पहिल्या मीटिंगला अप्पांनी प्लॉटची आखणी वाचली. "मंजूर?" पाच माना हलल्या. गयाबाई पदर खोचून उभी राहिली. "नामंजूर."

अप्पा हसले. हळूच म्हणाले, "गये, निवडनूक झाली. आता बस."

"मला विरोधात टाकलंय का न्हाई? मग मी बसून काय करू?"

"काय म्हणतेय ती?" साहेब म्हणाले.

"ती नाही म्हणतेय," मी सांगितलं. यावेळी तेवढंच सांगितलं.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. कारण विचारलं. ती म्हणाली, चला दाखवते. सगळी मीटिंग ओढ्यावर गेली. फक्कीच्या रेघांच्या मधोमध बाभळी होत्या. त्यांच्या फांद्यांत मागच्या पावसाळ्यातला पालापाचोळा, चिंध्या, कुणाची तरी चप्पल असं अडकून वाळलं होतं, माझ्या छातीएवढ्या उंचीवर. साहेबांनी हात लांबवून ती उंची मोजली. आखणी करताना बाभळी सगळ्यांनी पाहिल्या होत्या.

"जागा वाईट आहे," साहेब परत आल्यावर म्हणाले. "पण घर कसं बांधायचं ते मी ठरवतो. कुठे बांधायचं ते गावानं ठरवायचं. नियम माझाच आहे. मत घ्या."

मत घेतलं. पाच विरुद्ध दोन. खालची गल्ली ओढ्यातच राहिली.

साहेब डोकं धरून बसले. निवडणूक त्यांनी मागितली, गुप्त मतदान त्यांनी मागितलं, विरोधी पक्षही मिळाला, आणि तो रीतसर हरला. मी म्हणालो, "साहेब, आमच्या फळ्यावर हे आव्हान नव्हतं." ते म्हणाले, "आमच्याही नव्हतं."

मी खोलीवर येऊन कागद काढला आणि मथळा लिहिला, 'सत्तर टक्क्यांची हुकूमशाही मोडून काढा!' दुसऱ्या दिवशी तो गयाबाईला वाचून दाखवायला नेला. तिनं तिसऱ्या वाक्याला हात वर केला. "कागद ठेव खाली. साहेब त्या दिशी लिंबाखाली काय म्हनला व्हता, ते परत सांग. जसंच्या तसं."

मी सांगितलं. ज्या कमिटीत 'नाही' म्हणणारं कुणी नाही, तिच्या एकाही कागदावर सही नाही.

"एक बी सही न्हाई?"

"एकही नाही."

"हाव," ती म्हणाली, आणि ज्वारी निवडायला लागली.

पुढच्या मीटिंगला पाया खणायच्या कागदांवर सह्या व्हायच्या होत्या. साहेब पेन उघडून बसले होते. गयाबाई उभी राहिली. हात जोडले.

"मला एक बोलायचं हाय. माझा विरोध संपला. अप्पा म्हनतेत ते समदं बराबर हाय. मी आनि ह्यो कुंभार, आमी दोघं बी आजपासून अप्पाच्या पार्टीत. लिवा, बिनविरोध."

कुंभारानं मान हलवली. सवयीनं शेडमध्ये टाळ्या सुरू झाल्या. अप्पाही हसत हात जोडून उठले, आणि अर्ध्यावरच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजी करायला तोंड उघडलंच होतं.

"सर! थांबा! त्याचं इंग्रजी करू नका!"

"अप्पा, बोललेलं सांगावं लागतं. माझी नोकरीच ती आहे."

"पानी तर प्या की आधी!"

पाणी प्यायला नियमाची आडकाठी नव्हती. मी तांब्या उचलला. साहेब पेन धरून वाट बघत होते.

"गये, अगं हे काय करायलीस तू?" अप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

"एकीनं ऱ्हावं, अप्पा. गावाची इज्जत हाय."

"इज्जत गेली खड्ड्यात! विरोधातच ऱ्हा की. तुला कोन काय म्हनलं का?"

"न्हाई बा. विरोध करून काय मिळतंय? पाच-दोन, पाच-दोन."

माझा तांब्या निम्मा झाला होता. अप्पा जागेवरून उठून तिच्यासमोर जाऊन बसले. सगळं गाव बघत होतं.

"गयाबाई," ते म्हणाले. तिला अशी हाक मारलेली मी तरी पहिल्यांदाच ऐकली. "तुमी विरोधात ऱ्हावा. मी हात जोडतो. काय पायजे ते बोला."

"वरचा माळ. शाळेच्या बाजूची जागा."

"ती सभामंडपाला ठिवलीय."

"सभामंडप वढ्याला बांधा. देवाला पवता येतंय."

तांब्या संपला. साहेबांनी भुवया वर केल्या. मी तोंड पुसलं. अप्पांनी एकदा माझ्याकडे, एकदा साहेबांच्या पेनाकडे पाहिलं आणि उभे राहून खणखणीत आवाजात म्हणाले, "ठराव मांडतो. खालच्या गल्लीचे प्लॉट माळावर घ्यावेत. वढ्याकाठची जागा खेळायला सोडावी. हात वर करा."

पाच हात वर झाले. कुंभाराचाही झाला. गयाबाईचा झाला नाही.

"विरोधात?" अप्पांनी विचारलं.

तिनं हात वर केला.

तिचं आधीचं 'बिनविरोध' तिनंच मोडलं होतं, म्हणून ते गाळून मी साहेबांना ठराव सांगितला, आणि मतं सांगितली. त्यांना काही कळेना. "पण ही तर तिचीच मागणी होती. विरोधात का?" मी तिला विचारलं.

गयाबाई म्हणाली, "साहेबाला सांग, म्या हो म्हनले आस्ते तर समदे हो झाले आस्ते. मग सही झाली नस्ती. आनि आता सवय लागालीय, ती मोडायची न्हाई."

मी शब्दाला शब्द इंग्रजी केलं. एक अक्षर वाढवलं नाही, आणि इतक्या लांब बोलण्यात मला ते पहिल्यांदाच जमलं. साहेबांनी दोनदा ऐकून घेतलं. मग सही केली, टोपी काढली आणि म्हणाले, "माझ्या देशात ही बाई हवी होती." मी हे मराठीत सांगितल्यावर गयाबाई म्हणाली, "त्यांना म्हनावं, पोरीचं लगीन हाय, जमायचं न्हाई."

खालची गल्ली आता माळावर आहे, पण गाव तिला अजून खालची गल्लीच म्हणतं. त्यावर माझं एक पत्रक लिहून तयार आहे. पुढच्या पावसाळ्यात ओढा फुगला तेव्हा पाण्यात फक्त फक्कीच्या रेघा गेल्या. कमिटीची मुदत संपल्यावर अप्पांनी सुचवलं, की आता साहेब गेलेत, तर पुढची निवड आपली नेहमीसारखी बिनविरोध करून टाकू. गयाबाई उभी राहिली.

या नोकरीत मी एवढंच शिकलो. विरोधी पक्ष नेमून दिलेला असला तरी चालतो. नेमताना फक्त एक लक्षात ठेवावं, की त्याला नंतर काढता येत नाही.